'मेड इन जपान': बँडलाच नको असलेला लाईव्ह अल्बम पन्नास वर्षांनंतरही का ऐकला जातो?

गिटार विकणाऱ्या कुठल्याही दुकानात तासभर थांबा. कुणीतरी पोरगं येणार, भिंतीवरची एक गिटार उतरवून घेणार आणि हमखास तीच एक धून वाजवून बघणार. चार-पाच सुरांची, जड पावलांनी चालत आल्यासारखी. गाण्याचं नाव माहीत नसलं तरी धून तुम्ही कुठे ना कुठे ऐकलेली असतेच.

ती धून म्हणजे डीप पर्पल या ब्रिटिश बँडचं 'स्मोक ऑन द वॉटर'.

गाणं सगळ्यांना माहीत आहे. पण ज्या अल्बममुळे हा बँड मंचावर काय चीज होता हे जगाला कळलं, त्याचं नाव 'मेड इन जपान'. ऑगस्ट १९७२ मध्ये ओसाका आणि टोकियोत झालेल्या तीन कार्यक्रमांचं हे रेकॉर्डिंग. हार्ड रॉकमधल्या सर्वोत्तम लाईव्ह अल्बमची यादी कुणीही केली तरी हे नाव सहसा वरच्या ओळीत असतं.

विशेष म्हणजे हा अल्बम काढायची बँडला फारशी इच्छा नव्हती. आणि तो बाजारात आला त्याच महिन्यात गायकाने राजीनामा दिला. हा सगळा विषय काय आहे, आणि आजही लोक हा अल्बम का ऐकतात, ते समजून घेऊ.

आधी हे पाच जण कोण होते?

डीप पर्पलची स्थापना इंग्लंडमध्ये १९६८ साली झाली. या बँडमध्ये माणसं इतक्या वेळा बदलली की चाहते प्रत्येक संचाला 'मार्क' आणि क्रमांक असं नाव देतात. त्यातला सर्वात गाजलेला संच म्हणजे १९६९ मध्ये जुळून आलेला 'मार्क टू'.

- गायक इयन गिलन
- गिटारवर रिची ब्लॅकमोर
- ऑर्गनवर जॉन लॉर्ड
- बेस गिटारवर रॉजर ग्लोव्हर
- ड्रम्सवर इयन पेस

१९७२ च्या ऑगस्टमध्ये यातला सर्वात मोठा जॉन लॉर्ड ३१ वर्षांचा होता आणि सर्वात लहान इयन पेस अवघा २४ वर्षांचा.

या बँडचं वेगळेपण होतं ते ऑर्गनमध्ये. हार्ड रॉक म्हटलं की गिटार पुढे आणि बाकीचे मागे, असा साधारण हिशोब असतो. इथे तसं नव्हतं. शास्त्रीय पियानोचं शिक्षण घेतलेल्या लॉर्डने आपला हॅमंड ऑर्गन थेट गिटारसाठी वापरल्या जाणाऱ्या मार्शल अँप्लिफायरला जोडला. त्यामुळे चर्चमध्ये शोभणारं ते वाद्य गुरगुरायला लागलं. आता गिटारला तोडीस तोड प्रतिस्पर्धी मिळाला होता.

आणि आवाजाबद्दल बोलायचं तर ३० जून १९७२ ला लंडनच्या रेनबो थिएटरमध्ये त्यांच्या कार्यक्रमात ११७ डेसिबल आवाज मोजला गेला. त्यावरून गिनेस बुकने त्यांची नोंद जगातला सर्वात मोठ्या आवाजाचा बँड अशी केली होती.

लाईव्ह अल्बमची कल्पना कुणाची?

बँडची नाही, रेकॉर्ड कंपनीची. तीही जपानमधल्या.

मार्च १९७२ मध्ये आलेला 'मशीन हेड' हा त्यांचा स्टुडिओ अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला होता. जपानमध्ये बँडची क्रेझ वाढत होती आणि पहिलाच दौरा ठरत होता. तिथल्या कंपनीने विचार केला, येतच आहेत तर कार्यक्रम रेकॉर्ड करून फक्त जपानपुरता एक अल्बम काढू.

बँडमध्ये याबद्दल उत्साह नव्हता. मंचावर जे घडतं ते तबकडीत पकडता येत नाही, असं त्यांचं मत होतं. दुसऱ्या बाजूला त्यांच्या कार्यक्रमांची चोरून केलेली रेकॉर्डिंग बाजारात फिरत होती. खराब आवाजाच्या त्या तबकड्या लोक पैसे देऊन विकत घेत होते. म्हणजे मागणी होती, हे उघड होतं.

शेवटी बँड तयार झाला, पण अटी घालून. रेकॉर्डिंग आपलाच माणूस करणार. टेप आपल्या ताब्यात राहणार. आणि काम पसंत पडलं तरच पुढचं बघू.

तो आपला माणूस म्हणजे मार्टिन बर्च. 'मशीन हेड'चा साउंड इंजिनिअर. पुढे आयर्न मेडनचे सलग अनेक अल्बम घडवणारा निर्माता म्हणून याच बर्चचं नाव झालं.

तीन रात्री आणि आठ ट्रॅक

१५ आणि १६ ऑगस्टला ओसाकाचा फेस्टिव्हल हॉल, १७ ऑगस्टला टोकियोचं बुडोकान. बुडोकान मुळात १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकमधल्या जुदो स्पर्धांसाठी बांधलेलं. १९६६ मध्ये बीटल्स तिथे वाजवून गेले आणि मग ते रॉकचंही तीर्थक्षेत्र झालं.

रेकॉर्डिंगची सोय साधी होती. आठ ट्रॅकचा टेप रेकॉर्डर, म्हणजे पाच माणसांचा आवाज आणि प्रेक्षकांचा गलका हे सगळं आठ पट्ट्यांत बसवायचं. जॉन लॉर्डने नंतर सांगितल्याप्रमाणे या सगळ्याचं बजेट होतं जेमतेम ३००० डॉलर.

गिलन तर आपल्या गाण्यावर खूश नव्हता. दौऱ्याआधी त्याला ब्रॉन्कायटिसचा त्रास झाला होता आणि आवाज पूर्ण ताकदीने लागत नाही, असं त्याला वाटत होतं. अल्बम ऐकताना यावर विश्वास बसणं अवघड आहे.

मिक्सिंगच्या वेळीही सगळे हजर होते असं नाही. बर्चसोबत बसले ते फक्त ग्लोव्हर आणि पेस. तीन रात्रींतून सात गाणी निवडली गेली. चार १६ तारखेची, दोन १७ ची आणि एक १५ ची. ते एक म्हणजेच 'स्मोक ऑन द वॉटर'.

डिसेंबर १९७२ मध्ये ब्रिटनमध्ये दोन तबकड्यांचा हा अल्बम आला. कव्हरवरचा बँडचा फोटो मात्र जपानमधला नाही, तो लंडनमधल्या कार्यक्रमाचा आहे. म्हणजे 'मेड इन जपान'मध्ये जपानमध्ये न झालेली एक गोष्ट आहे, आणि ती म्हणजे त्याचं कव्हर!

'लाईव्ह' म्हणजे नक्की किती लाईव्ह?

हा मुद्दा नीट समजून घेतला तर या अल्बमची किंमत कळते.

लाईव्ह अल्बम म्हटलं की आपण समजतो, जसं वाजलं तसं कानावर आलं. प्रत्यक्षात बऱ्याचदा तसं नसतं. कार्यक्रमात गायकाचा सूर हलला, गिटारची तार तुटली, बेसवाला चुकला, तर तेवढा भाग नंतर स्टुडिओत पुन्हा रेकॉर्ड करून जोडता येतो. याला ओव्हरडब म्हणतात. सत्तरच्या दशकातल्या अनेक नावाजलेल्या लाईव्ह अल्बममध्ये अशी ठिगळं आहेत. १९७५ चा किस या बँडचा 'अलाईव्ह!' स्टुडिओत बराच दुरुस्त केला होता, हे पुढे त्याच्या निर्मात्यानेच सांगितलं. थिन लिझीच्या १९७८ च्या 'लाईव्ह अँड डेंजरस'मध्ये किती भाग खरा आणि किती नंतरचा, यावर निर्माता आणि बँड यांचं एकमत झालं नाही.

'मेड इन जपान'च्या बाबतीत बँडची भूमिका पहिल्यापासून एकच राहिली. आम्ही ठिगळ लावलेलं नाही.

अशी दुरुस्ती करणं तसं सोपंही नसतं. मंचावर इतका दणदणाट असतो की ड्रम्सच्या माइकमध्ये गिटार शिरते, गायकाच्या माइकमध्ये ड्रम्स शिरतात. एकाचा भाग बदलला तरी त्याचा जुना आवाज शेजारच्या ट्रॅकमध्ये उरतोच. पण याच शिरकावामुळे ऐकणाऱ्याला खोली जाणवते. पाच माणसं एका छताखाली, एकाच वेळी वाजवत आहेत, हे कानाला कळतं.

१९९३ मध्ये या तीन रात्रींचं बरंचसं रेकॉर्डिंग 'लाईव्ह इन जपान' या नावाने तीन सीडींमध्ये बाहेर आलं. तेव्हा श्रोत्यांना एकच गाणं तीन रात्री शेजारी-शेजारी ठेवून ऐकता आलं. तीच माणसं, तेच गाणं, पण तिन्ही वेळा वेगळं. कुठे सोलो लांबला, कुठे गायकाने वेगळी जागा घेतली. आधी पाठ केलेलं वाजवून दाखवणं हा प्रकारच नव्हता.

आपल्याकडे मैफल ऐकणाऱ्यांना हे वेगळं समजवायची गरज नाही. बंदिश चार ओळींची असते, पण त्या रात्री गवई तिच्यात काय भरतो ते ऐकायला माणसं जातात. संगीत पूर्ण वेगळं असलं तरी गाण्याकडे बघायची डीप पर्पलची रीत बरीचशी अशीच होती.

सात गाण्यांत काय काय ऐकायचं?

अल्बम साधारण ७६ मिनिटांचा आहे. पहिल्यांदा ऐकणार असाल तर या जागांवर लक्ष ठेवा.

हायवे स्टार: सुरुवातीला वाद्यं अजून सावरून घेत आहेत असं वाटतं. ड्रम्सचा ठोका सुरू होतो, ऑर्गन वर चढतो आणि मग एकदम गाडी सुटते. यातला ऑर्गनचा आणि गिटारचा सोलो, दोन्हींवर पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताची, विशेषतः बाखच्या वळणाची छाप आहे.

चाइल्ड इन टाइम: १२ मिनिटांचं गाणं. सुरुवात जवळजवळ कुजबुजत. शब्द संपतात आणि गिलन फक्त आवाजाने पायरी पायरीने वर जात किंचाळीपर्यंत पोहोचतो. ब्रॉन्कायटिसमधून उठलेला माणूस हे गातोय, एवढं लक्षात ठेवून ऐका.

स्मोक ऑन द वॉटर: यामागची गोष्ट खरी आहे. डिसेंबर १९७१ मध्ये बँड स्वित्झर्लंडमधल्या माँत्रो गावात 'मशीन हेड' रेकॉर्ड करायला गेला होता. तिथल्या कसिनोत फ्रँक झापाचा कार्यक्रम सुरू असताना प्रेक्षकांतल्या कुणीतरी छताच्या दिशेने फ्लेअर गन उडवली आणि अख्खी इमारत जळून गेली. जिनिव्हा सरोवरावर पसरलेला धूर बँडने पाहिला आणि त्यातून हे गाणं झालं. जपानमध्ये हे गाणं वाजलं तेव्हा ते जगभर हिट व्हायचं होतं. म्हणून ब्लॅकमोर त्या प्रसिद्ध धूनेशी बिनधास्त खेळताना ऐकू येतो. तिला अजून कुणी देव्हाऱ्यात बसवलेलं नव्हतं.

द म्यूल: हा इयन पेसचा इलाका. गाण्याचा मोठा भाग म्हणजे ड्रम सोलो. त्याच्या आधी मंचावरून एक मजेदार मागणी होते. सगळं काही बाकी सगळ्यापेक्षा मोठ्याने ऐकू येऊ द्या! हे वाक्य रॉकच्या दुनियेत म्हणीसारखं झालं. मोटरहेडने १९९९ मध्ये आपल्या लाईव्ह अल्बमला याच वाक्यावरून नाव दिलं.

स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन: इथे गिटार आणि गळा यांचा सवाल-जवाब आहे. ब्लॅकमोर एक तुकडा वाजवतो, गिलन तोच गळ्यातून काढतो. मग पुढचा, आणखी अवघड. लावणीच्या फडात ढोलकी आणि घुंगरांची जुंपते तेव्हा जी मजा येते, तीच इथे.

लेझी: सुरुवात लॉर्डच्या ऑर्गनच्या घरघराटाने. पाया ब्लूजचा, पण वाटेत जॅझची झुळूक येत राहते. गिलन इथे माउथ ऑर्गनही वाजवतो.

स्पेस ट्रकिन: स्टुडिओत साडेचार मिनिटांचं असलेलं गाणं इथे वीस मिनिटांचं होतं. त्यासाठी तबकडीची एक पूर्ण बाजू दिली आहे. मध्ये ब्लॅकमोर गिटारचं व्हॉल्यूमचं बटण फिरवत राहतो आणि गिटार चेलोसारखी वाजायला लागते. सगळ्यांनाच हा भाग आवडेल असं नाही. पण शांत झालेलं वादन पुन्हा कसं तापत जातं ते ऐकण्यासारखं आहे.

मुंबईचा धागा

यात मुंबई कुठून आली, असं वाटेल. पण धागा खरा आहे.

'चाइल्ड इन टाइम'ची सुरुवातीची ऑर्गनची धून डीप पर्पलने एका अमेरिकन बँडकडून उचलली होती. सॅन फ्रान्सिस्कोच्या 'इट्स अ ब्युटिफुल डे' या बँडच्या १९६९ च्या अल्बममध्ये व्हायोलिनवरची एक रचना होती. तिचं नाव 'बॉम्बे कॉलिंग'. लॉर्ड ती रचना ऑर्गनवर सावकाश वाजवत बसला आणि त्यातून नवं गाणं जन्माला आलं. गिलनने हे उघडपणे मान्य केलं आहे. त्या अमेरिकन बँडनेही पुढे डीप पर्पलच्या एका रचनेवरून आपली रचना केली, त्यामुळे हिशोब बरोबरीत सुटला.

एप्रिल १९९५ मध्ये डीप पर्पल खरोखर मुंबईत येऊन वाजवून गेला. तोवर ब्लॅकमोर बँड सोडून गेला होता आणि गिटारवर स्टीव्ह मोर्स होता. या कार्यक्रमाचा व्हिडिओ बाहेर आला, त्याचंही नाव 'बॉम्बे कॉलिंग'.

अल्बम गाजला, बँड फुटला

हा अल्बम फक्त जपानपुरता असणार होता. पण ब्रिटनमध्ये तो आला आणि विकला गेला. अमेरिकेत कंपनीला आधी स्टुडिओतला नवा अल्बम विकायचा होता, म्हणून तिथे 'मेड इन जपान' एप्रिल १९७३ मध्ये आला. पाठोपाठ 'स्मोक ऑन द वॉटर' सिंगल म्हणून निघालं. तबकडीच्या एका बाजूला स्टुडिओतलं गाणं, दुसऱ्या बाजूला जपानमधलं. ते अमेरिकेत चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं आणि अल्बम सहाव्या. स्वस्तात उरकलेलं काम बँडच्या सर्वात मोठ्या यशांपैकी एक ठरलं.

आतून मात्र सगळं संपत आलं होतं. सततचे दौरे, आजारपणं, आणि गिलन-ब्लॅकमोर यांचं अजिबात न पटणं. डिसेंबर १९७२ मध्ये, म्हणजे अल्बम आला त्याच महिन्यात, गिलनने राजीनाम्याचं पत्र दिलं. ठरलेले कार्यक्रम पूर्ण करून २९ जून १९७३ ला तो या संचासोबत शेवटचा गायला. ते शहर होतं ओसाका. जिथे हा अल्बम घडला, तिथेच हा संच संपला. ग्लोव्हरलाही त्याच वेळी बाहेर पडावं लागलं.

हे माहीत असेल तर 'स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन'मधला सवाल-जवाब वेगळा ऐकू येतो. ज्या दोघांचं पुढे एकमेकांशी पटेनासं झालं, ते मंचावर एकमेकांचा प्रत्येक सूर टिपत होते. पुढे १९८४ मध्ये हेच पाच जण पुन्हा एकत्र आले, पुन्हा भांडले आणि ब्लॅकमोर १९९३ मध्ये कायमचा गेला. लॉर्ड २०१२ मध्ये वारला, मार्टिन बर्च २०२० मध्ये. पहिल्या दिवसापासून आजपर्यंत बँडच्या प्रत्येक संचात असलेला माणूस एकच, ड्रमर इयन पेस.

मग आज का ऐकायचा?

अल्बमचा दबदबा अजून ओसरलेला नाही. २००६ मध्ये ड्रीम थिएटर या अमेरिकन बँडने जपानमध्ये जाऊन हा अख्खा अल्बम मंचावर वाजवला. २०१४ मध्ये त्याची नव्याने मिक्स केलेली आवृत्ती आली. २०१६ मध्ये बँडला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये जागा मिळाली.

पण साध्या श्रोत्यासाठी कारण याहून सोपं आहे. आज आपण जे संगीत ऐकतो त्यात सूर सॉफ्टवेअरने सरळ केलेला असतो, ताल कॉम्प्युटरने बसवलेला असतो. मंचावरही अनेकदा आधी रेकॉर्ड केलेला ट्रॅक मागे चालू असतो. त्यात वाईट काही नाही. पण गाणं पुढच्या क्षणी कुठे जाणार हे सगळं आधीच ठरलेलं असतं.

'मेड इन जपान'मध्ये ते ठरलेलं नाही. ब्लॅकमोर आडवाटेला गेला तर पेसला त्याच क्षणी वळावं लागतं. लॉर्ड थांबला तर बाकीच्यांना ती शांतता सांभाळावी लागते. कुणाला हुकायचीही मुभा होती, आणि म्हणूनच समेवर सगळे एकत्र येतात तेव्हा अंगावर काटा येतो.

ऐकायची सुरुवात कुठून करायची? आधी 'मशीन हेड'मधलं 'लेझी' ऐका आणि लगेच त्याच्यामागे जपानमधलं 'लेझी' लावा. हेडफोन लावून, आवाज थोडा जास्त ठेवून. दोन्हींत काय फरक आहे ते तुमच्या कानालाच कळेल.